पागनिसांचं सावकाश झांजीबार

ज्याला दुसऱ्याचं बरं बघवत नाही तो माणूस वाईट, हे सगळ्यांना मान्य आहे. पण ते बरं जर रोज सकाळी खिडकी उघडली की समोरच दिसत असेल, तर माणसानं काय डोळे मिटून दात घासायचे? जयेंद्रगंजातल्या भालचंद्रराव पागनिसांची अडचण ही अशी होती. त्यांच्या बैठकीच्या खिडकीतून गल्लीपलीकडच्या मुकुंदराव दिघ्यांची बैठक दिसायची, आणि त्या बैठकीत, दारातून आत येणाऱ्याच्या नाकाला लागेल अशा बेतानं, लंडनहून आणलेला ओव्हरकोट टांगलेला असायचा. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात अंगावर बनियनसुद्धा नको होतं, तेव्हाही तो तिथंच असायचा.

मुकुंदराव शेतकी खात्यात होते. दोन वर्षांपूर्वी सरकारनं विलायतेच्या गाई बघायला एक शिष्टमंडळ पाठवलं, त्यात यांची वर्णी लागली. चोवीस दिवसांत आठ देश पाहून आले, आणि तेव्हापासून गल्लीत कुठलाही विषय निघो, तो चौथ्या वाक्याला लंडनला पोचायचा. दूध नासलं, लंडन. नळाला पाणी नाही, लंडन. मागच्या आळीतले नाना वारले तेव्हा चार माणसं ओट्यावर गप्प बसली होती, तर मुकुंदराव हळूच म्हणाले, “आम्ही लंडनला असताना पाहिलं, तिकडे असे मोठ्यानं रडत नाहीत.” भालचंद्ररावांना तेव्हा खरोखर रडू आलं, पण ते नानांसाठी नव्हतं.

भालचंद्रराव तरी काय कमी होते? जुन्या दरबाराच्या कागदांच्या दफ्तरात ते मोठे कारकून. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या पागेत घोड्यांची नोंद ठेवायचे. कुठला घोडा कुणाकडे, कुठला लंगडतो, कुठल्याला खोकला झालाय, सगळं मोडीत लिहिलेलं. घोडे गेले, पागा गेली, अठ्ठेचाळीस साली दरबारही गेला; कागद मात्र राहिले, आणि कागदांबरोबर भालचंद्रराव राहिले. घडाघडा मोडी वाचणारा दफ्तरात तेवढा एकच माणूस. संस्थानाचं मध्य भारत झालं, आणि आता छप्पन साली मध्य भारतही मोडून भोपाळला नवी राजधानी होणार, असं सगळे बोलून राहिले होते. आठ वर्षांत कचेरीची पाटी इतक्यांदा रंगवून झाली की पाटीवाला पेंटर आता काम नसलं तरी चहाला यायचा.

तर ही गोष्ट सुरू झाली मुकुंदरावांकडच्या सत्यनारायणाला. पूजा आटोपली, प्रसाद वाटून झाला आणि मुकुंदरावांनी आठ देश मोजायला घेतले. पाचव्या देशाला भालचंद्ररावांच्या घशात शिरा अडकला.

“आठ देश, चोवीस दिवस,” ते ठसकत म्हणाले. “म्हणजे एका देशाला तीन दिवस. याला बघणं नाही म्हणत, मुकुंदराव. ओलांडणं म्हणतात.”

“मग तुम्ही कसं बघता?” मुकुंदरावांनी विचारलं. मंडळी हसली, कारण भालचंद्ररावांनी आजवर पाहिलेला सर्वांत लांबचा मुलूख म्हणजे उज्जैन.

“आम्ही एकच ठिकाण बघणार. महिनाभर. सावकाश, एका जागी बसून.”

“कुठलं ठिकाण?”

आता आली का पंचाईत! माणूस तावातावानं बोलतो तेव्हा नकाशा हाताशी घेऊन थोडाच बोलतो? भालचंद्ररावांच्या डोक्यात त्या घटकेला परदेशातलं एकच नाव होतं, आणि तेही दुपारी पोस्टमननं दिलेल्या पाकिटावरच्या शिक्क्यातलं.

“झांजीबार,” ते म्हणाले. मंडळी मुकुंदरावांकडे वळली. मुकुंदरावांच्या आठ देशांत ते नव्हतं.

ते पाकीट होतं त्यांच्या पत्नीच्या, कुमुदिनीबाईंच्या, धाकट्या भावाचं. मधू चौदा वर्षांपूर्वी बोटीनं नोकरीला म्हणून झांजीबारला गेला आणि तिकडचाच झाला. दर वर्षी त्याचं पत्र यायचं, ताई, या भाऊबिजेला तरी ये, तिकिटं मी काढतो. दर वर्षी भालचंद्रराव उत्तर धाडायचे, पाहू. आणि दर भाऊबिजेला कुमुदिनीबाई, जिचा भाऊ जवळ नसतो तिनं करायचं तसं, गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळायच्या आणि खाली येऊन वाढायला घ्यायच्या.

त्यांना ही बातमी नवऱ्याकडून कळलीच नाही. दुसऱ्या दिवशी मुकुंदरावांच्या लीलाताईंनी दारातूनच हाक मारली, “कुमुदताई, झांजीबारला निघालात आणि मला पत्ता नाही?” कुमुदिनीबाई हातातल्या सुपासकट आत आल्या.

“अहो, खरंच जायचंय?”

“जावंच लागेल. मुकुंदरावांना शब्द दिलाय.”

“मुकुंदरावांना का असेना,” कुमुदिनीबाई म्हणाल्या, आणि तांदूळ तसेच ठेवून मधूला पत्र लिहायला बसल्या.

मधूचं उत्तर आलं ते बोटीची दोन तिकिटं घेऊनच. मुंबईहून कोजागिरीनंतर सुटणारी बोट, भाऊबिजेच्या आदल्या दिवशी झांजीबार. पत्रात त्यानं लिहिलं होतं की इथं कुणाला कसली घाई नसते; लोक एकमेकांना ‘पोले पोले’ म्हणतात, म्हणजे हळूहळू. वर लवंगांचा वास, समोर समुद्र, आणि इथं अजून सुलतान आहे. शेवटचं वाक्य भालचंद्ररावांनी दोनदा वाचलं. जगात अजून एक जागा अशी होती की जिथं दरबार शिल्लक होता! तिथं बसायला आपल्याइतका लायक माणूस दुसरा कोण, असं त्यांना मनापासून वाटलं.

मग सावकाशपणाची तयारी जी सुरू झाली ती अशी जोरात की घरात कुणाला श्वास घ्यायला फुरसत मिळेना. भालचंद्ररावांनी मोठ्या कागदावर महिन्याचं वेळापत्रक आखलं. सहा ते सात समुद्राकडे पाहणे. सात ते सव्वासात चहा, सावकाश. सव्वासात ते आठ मन रिकामे ठेवणे.

“चहाला पंधरा मिनिटं पुरतील का सावकाश?” कुमुदिनीबाईंनी विचारलं.

“आणि बाबा, मन रिकामं नाही झालं आठपर्यंत तो फिर?” त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी विमल म्हणाली. “सावकाश बसायचं टाइमटेबल कौन बनाता है?”

“मुकुंदरावांचं शिष्टमंडळ बनवतं, आणि मी काय त्यांच्याहून कमी आहे?” भालचंद्रराव म्हणाले, आणि आठ ते नऊच्या रकान्यात ‘वारा अनुभवणे’ असं लिहिलं. ते सरावही करू लागले. एक घास बत्तीसदा चावायचा, एक पाऊल टाकलं की ते टाकल्याचं मनात म्हणायचं. या हिशेबानं कचेरीत पोचायला साडेअकरा वाजायचे आणि साहेब खुर्चीतून उठून घड्याळाकडे पाहायचे.

ग्वाल्हेरातून आफ्रिकेला जाणारे आपण पहिलेच, असा त्यांचा समज होता, आणि तो त्यांनी शक्य तितक्या लोकांना सांगितला. हे शिंदे की छावनीपर्यंत गेलं, आणि एका रविवारी तिथून तात्यासाहेब काठी टेकत आले. तात्यासाहेब म्हणजे दरबारच्या पायदळातले जुने शिपाईगडी, बासष्ट वर्षांचे, अजून मिशीला तूप लावणारे.

“पंत, आफ्रिकेला चाललात म्हणे. मी जाऊन आलोय.”

भालचंद्ररावांचा चेहरा उतरला. “कधी?”

“चौदाच्या लढाईत. तिकडच्या तांगा बंदरात उतरवलं आम्हाला. आपली ग्वाल्हेरची पलटण! जर्मनाच्या गोळीला भ्यालो नाही पंत, खोटं बोलत नाही. पण माश्या आल्या. मधमाश्या! झाडावरची पोळी फुटली आणि असा ढग उतरला खाली. कोण जर्मन, कोण आपला, सगळे एका दिशेनं पळाले.” त्यांनी काठी आपटली. “तर माझा सल्ला एकच. तिकडे मध खायचा नाही, मधाचं नाव काढायचं नाही, आणि झाडाखाली तर मुळीच बसायचं नाही.”

वेळापत्रकात दहा ते बारा झाडाखाली बसायचं होतं. पण भालचंद्ररावांना माश्यांचं काही नव्हतं. त्यांना सलत होतं ते तात्यासाहेब आधी गेल्याचं. बेचाळीस वर्षांपूर्वी, आणि तेही सरकारी खर्चानं! शेवटी त्यांनी मनाशी निकाल दिला की लढाईला गेलेल्या माणसाला प्रवासी धरत नाहीत, आणि जो पळत होता त्यानं तर सावकाश काहीच पाहिलेलं नाही. हा निकाल त्यांनी मुकुंदरावांनाही ऐकवला, कुणी विचारलं नसताना.

पासपोर्टाचं प्रकरण निघालं आणि पहिला फटका बसला. दोघांचे अर्ज एकाच दिवशी गेले. कुमुदिनीबाईंनी जन्मस्थानाच्या रकान्यात ‘लश्कर’ हे ग्वाल्हेरातल्या आपल्या भागाचं नाव तेवढं लिहून खाली सही केली. भालचंद्रराव असे थोडेच सोडणार? राज्याच्या रकान्यात काय लिहायचं, ज्यात जन्मलो ते संस्थान, ज्यात राहतो ते मध्य भारत, की नोव्हेंबरात येऊ घातलेलं ते नवं? त्यांनी तिन्ही लिहिली, आणि गैरसमज नको म्हणून संस्थानाच्या विलीनीकरणाची दोन पानी हकीकत जोडली. कुमुदिनीबाईंचा पासपोर्ट दीड महिन्यात रजिस्टर टपालानं घरी आला. भालचंद्ररावांना आलं पत्र: अर्जदाराचा जन्म नक्की कितीदा झाला याचा खुलासा करावा.

बायकोचा पासपोर्ट त्यांनी हातात घेतला, उलटापालटा केला, फोटो पाहिला. फोटोत कुमुदिनीबाई सरळ समोर बघत होत्या, जणू त्यांना विचारायचंच होतं काही.

“छान आलाय फोटो,” ते म्हणाले. खरं तर त्यांच्या पोटात दुखत होतं. मुकुंदरावांच्या नावानं दोन वर्षं दुखत होतं ते वेगळं. हे घरातलं होतं, आणि याला ओवा चालेना. पुढचे दोन महिने त्यांनी खुलासे लिहिण्यात घालवले, शेवटी त्यांचाही पासपोर्ट आला, आणि तो आला त्या दिवशी त्यांनी तो बायकोच्या पासपोर्टावर ठेवून दिला, खाली नाही.

दुसरीकडे जेवणावळी सुरू झाल्या होत्या. लश्करातल्या मराठी मंडळींत रीत अशी, की कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की ओळखीच्या घरांनी त्याला निरोपाचं जेवण घालायचं. मुकुंदराव लंडनला निघाले तेव्हा त्यांना सतरा घरी बोलावणं आलं होतं. हा आकडा भालचंद्ररावांना पाठ होता. अठरावं घर पाहिजेच म्हणून त्यांनी जायची तारीख चार महिने आधीच सांगायला सुरुवात केली. रजा मंजूर व्हायची होती, पासपोर्ट यायचा होता, पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! श्रीखंड, बासुंदी, पुरणपोळी, मुरारच्या एका घरी तर तीन गोड पदार्थ. ऑगस्टअखेर सतरा झाली. सप्टेंबरात तेवीस. अठ्ठाविसावं घर मुकुंदरावांचंच होतं, आणि तिथं तर भालचंद्ररावांनी ताटातला प्रत्येक घास बत्तीसदा चावला.

“मुकुंदराव निघाले तेव्हा तुम्हालाही बोलावलं असेल सगळीकडे,” कुमुदिनीबाई लीलाताईंना म्हणाल्या.

“हो तर. सतरा जेवणं जेवले मी,” लीलाताई आमटी वाढत म्हणाल्या. “मग हे विमानात बसले आणि मी घरी येऊन लोणच्याचे आंबे चिरले.”

प्रत्येक घरी जेवण झालं की यजमानीणबाई कुमुदिनीबाईंच्या कानाशी लागायच्या: लवंगा आणा हं, चांगल्या, तेलाच्या. अठ्ठावीस घरांच्या लवंगांची यादी कुमुदिनीबाईंच्या पिशवीत होती. जेवण झालं, शब्द गेला, म्हणजे आता जाणं भाग होतं. अठ्ठावीस घरचं गोड खाऊन जो माणूस घरीच बसतो, त्याला लश्करात पुन्हा कुणी ताकसुद्धा विचारणार नाही, हे भालचंद्ररावांना पक्कं ठाऊक होतं.

आता राहिला रजेचा अर्ज. मुकुंदरावांचा शिष्टमंडळात जायचा अर्ज म्हणे एक पानी होता. भालचंद्ररावांनी पाच पानी लिहिला, आणि तो लिहिला दरबारी रीतीनं, जशी त्यांच्या आजोबांची अर्जी असायची. त्या काळी रीत अशी होती की आधी सात पिढ्यांची चाकरी मांडायची, मग आपल्यावाचून सरकारचं कसं अडेल ते सांगायचं, आणि मग शेवटी हळूच मागणं मागायचं. महाराज अर्जी ऐकून खूश व्हायचे, हसायचे आणि मंजूर करायचे. तेव्हा भालचंद्ररावांनीही लिहिलं, “अर्जदाराखेरीज मोडी दफ्तराचा एक कागदही कुणास लागत नाही. अर्जदार एक दिवस नसेल तर सर्व काम ठप्प होईल, ऐसी स्थिती आहे. तथापि, हुजुरांच्या उदार मर्जीस स्मरून…”

अर्ज गेला, पण हुजूर कुठे होते? कचेऱ्या एकमेकींत मिसळत होत्या. कागद ग्वाल्हेरहून इंदूरला गेला, इंदूरहून भोपाळला, आणि तिथं तो पडला एका नव्या साहेबाच्या टेबलावर. तो दुसऱ्या मुलखातून आलेला, दरबार न पाहिलेला आणि लिहिलेलं लिहिल्याप्रमाणे वाचणारा. कोजागिरीच्या आदल्या दिवशी उत्तर आलं. शेरा दोनच ओळींचा होता. अर्जदाराच्याच म्हणण्याप्रमाणे त्यांच्यावाचून काम ठप्प होईल, सबब रजा नामंजूर. दफ्तर भोपाळला हलत आहे, तरी अर्जदाराने चार दिवसांत तिथं हजर व्हावे.

हात दाखवून अवलक्षण! भालचंद्रराव तो कागद घेऊन स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसले. कुमुदिनीबाई बोटीसाठी शंकरपाळे तळत होत्या. त्यांनी झारा बाजूला ठेवला आणि कागद वाचला.

“कुणाला सांगायचं नाही,” भालचंद्रराव म्हणाले. “एक शब्द नाही. मुकुंदरावांना कळलं तर मी संपलो.”

“ते तर मागच्या आठवड्यातच भोपाळला गेले. त्यांचंही खातं हललं. गुपचूप गेले, लीलाताई बोलल्या.”

“तिथून त्यांना पत्रानं कळेल. ते काही नाही, आपण ठरल्या दिवशी ठरल्या गाडीनं निघायचं. मुंबईची मेल भोपाळवरूनच जाते की नाही? हार घालू द्या लोकांना. भोपाळला गुपचूप उतरायचं. शहर मोठं आहे, मुकुंदरावांच्या नजरेस पडायचं नाही. महिनाभर तू माझ्याबरोबर तिथं राहायचं, मग परत यायचं. लवंगा काय, भोपाळातही मिळतात.”

“आणि मधू?”

“त्याला लिहू ना. पाहू म्हणावं पुढच्या वर्षी.”

कुमुदिनीबाईंनी झारा पुन्हा उचलला. त्या संध्याकाळी त्या विमलबरोबर पोस्टात जाऊन आल्या, आणि भालचंद्ररावांनी कशाला म्हणून विचारलं नाही. ते आपल्याच दुःखात होते.

निघायच्या सकाळी स्टेशनावर साठ माणसं आली. हार झाले, नारळ झाला. तात्यासाहेबांनी कानात पुन्हा मधाची आठवण दिली. लीलाताईंनी कुमुदिनीबाईंची ओटी भरली आणि हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. विमल मावशीकडे राहणार होती, ती आईच्या गळ्यात पडून रडली. “आई, पत्र रोज लिखना,” ती म्हणाली. बापाला तिनं वाकून नमस्कार केला आणि त्यांच्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं. भालचंद्रराव खिडकीतून हात हलवत होते, आणि गाडी हलली तेव्हा त्यांच्या मनात एकच विचार होता, की मुकुंदरावांच्या वेळी चाळीसच माणसं होती.

झाशी गेली, बीना गेली. दुपार कलली तशी भालचंद्ररावांनी वळकटी बांधायला घेतली. भोपाळ जवळ आलं.

“ऊठ, आलं,” ते म्हणाले.

“तुमचं आलं,” कुमुदिनीबाई म्हणाल्या. त्या खिडकीशी बसल्या होत्या आणि त्यांची ट्रंक जागची हलली नव्हती.

“म्हणजे?”

“रजा तुमची नामंजूर झाली. माझी कुणी केली नामंजूर? बावीस वर्षांत मी मागितली तरी आहे का कधी?”

“अगं पण एकटी? बारा दिवस? बोटीनं?”

“मधू एकटाच गेला होता, एकोणीस वर्षांचा होता तो. मुंबईत माझ्या मावशीचे यजमान स्टेशनावर येताहेत आणि बोटीत बसवून देताहेत. तार केलीय मी त्यांना. तिकीट आहे, पासपोर्ट आहे, टोचून घेतलंय.”

“मला न विचारता?”

“तुम्ही मुकुंदरावांना सांगून ठरवलंत. मी कुणाला सांगायचं होतं?” कुमुदिनीबाईंनी ट्रंकेवर हात ठेवला. “अहो, तुम्ही निघालात ते मुकुंदरावांसाठी. ते इथंच आहेत, भोपाळात. माझा भाऊ तिथं आहे. चौदा भाऊबिजा मी चंद्राला ओवाळलंय. पुरे झालं मला.”

उत्तरासाठी भालचंद्ररावांनी सात पिढ्या चाचपून पाहिल्या, पण कुणाच्याच कागदात असा प्रसंग नोंदलेला नव्हता. गाडी थांबली. कुमुदिनीबाईंनी शंकरपाळ्यांचा निम्मा डबा त्यांच्या पिशवीत ओतला, गळ्यातले हार काढायची आठवण दिली आणि हमालाला हाक मारून दिली. भालचंद्रराव चार हारांसकट, नारळासकट आणि वळकटीसकट प्लॅटफॉर्मवर उतरले.

आणि समोर कोण? मुकुंदराव! ते आपली मागे राहिलेली ट्रंक मालडब्यातून आली का बघायला आले होते.

“काय भालचंद्रराव,” त्यांनी हारांकडे पाहिलं. “झांजीबार आलं वाटतं!”

भालचंद्रराव काही बोलणार, तेवढ्यात गाडीनं शिट्टी दिली आणि कुमुदिनीबाई खिडकीतून वाकून म्हणाल्या, “मुकुंदराव, यांना जरा सांभाळा हं. एकटे आहेत. रजा मिळाली नाही बिचाऱ्यांना.” गाडी निघाली. कुमुदिनीबाईंनी पदर सावरून घेतला, एकदा हात हलवला आणि मग समोर बघत बसल्या. दोघे पुरुष गार्डाचा डबा जाईपर्यंत तिथंच उभे राहिले.

“एकट्याच गेल्या?” मुकुंदराव म्हणाले.

“एकटीच.”

मुकुंदरावांनी वळकटीचं एक टोक उचललं. लंडनचा शब्द त्यांनी त्या दिवशी काढला नाही.

राजधानी नवी, माणसं जास्त, घरं कमी. दोघांना मिळून एकच खोली मिळाली, आणि एकाच छताखाली दोन वर्षांचं वैर सांभाळणं अवघड असल्यामुळे ते आपोआप थोडं ढिलं झालं. दिवसा भालचंद्रराव दफ्तर लावायचे. त्यांच्यावाचून काम ठप्प होत होतं हे खरंच होतं, आणि नवा साहेब तसं सगळ्यांना सांगतही असे, पण आता ते ऐकून त्यांना काही वाटेनासं झालं. विमलचं पत्र आलं. जयेंद्रगंजात सगळं कळलंय, लोक हसताहेत जरूर, पण आईचा विषय निघाला की बायका हसत नाहीत, गप्प होऊन ऐकतात. मग मुकुंदरावांना लीलाताईंचं पत्र आलं. त्यात कुशल होतं, आणि शेवटी एक ओळ होती: येताना पासपोर्टाचा फॉर्म घेऊन या, एकच. मुकुंदरावांनी ते पत्र तीन दिवस उशीखाली ठेवलं.

नोव्हेंबर संपता संपता, एका रविवारी दुपारी, कुमुदिनीबाईंचं पत्र आलं. भालचंद्ररावांनी ते खिडकीशी बसून उघडलं.

“सा. न. वि. वि. मी सुखरूप पोचले. भाऊबिजेला मधूला ओवाळलं. तो रडला आणि मग मीही रडले. त्याचे केस पांढरे झालेत. बोटीत दोन दिवस त्रास झाला, मग नाही. इथं घराला ओटा आहे आणि समोर समुद्र. मी सकाळी ओट्यावर जाऊन बसते. मधूची बायको काही करू देत नाही. पहिले तीन दिवस हात शिवशिवत होते, सारखं वाटायचं कुणी तरी हाक मारली. मग ते वाटणं थांबलं. मधू म्हणाला, ताई, चल, तुला गाव दाखवतो, राजवाडा दाखवतो. मी म्हटलं, दाखव रे कधी तरी. आज सतरा दिवस झाले, मी अजून कुठं गेले नाही. किती वाजले ते कळत नाही. मी कशाचा विचार करते म्हणाल तर तेही सांगता येत नाही. लवंगांची यादी हरवली. आधीची बोट होती ती सोडली, आता संक्रांतीनंतरची घेईन. तुम्ही स्वेटर घालत जा. कुमुद.”

भालचंद्ररावांनी पत्र एकदा वाचलं, मग दुसऱ्यांदा, आणि तिसऱ्यांदा वाचताना ते मध्येच थांबले.

“काय लिहितात वहिनी?” पलीकडच्या खाटेवरून मुकुंदरावांनी विचारलं. “काय काय पाहिलं म्हणतात?”

“काही नाही.”

“असं कसं? राजवाडा? बाजार? काही तरी पाहिलंच असेल.”

“काही सुद्धा पाहिलं नाही हो तिनं, मुकुंदराव!” भालचंद्रराव म्हणाले. “सतरा दिवस! नुसती बसलीय! काही म्हणजे काही केलं नाही!” आणि त्यांचा आवाज हेव्यानं असा दाटून आला, डोळ्यांत असं पाणी आलं, की मुकुंदरावांना वाटलं तिकडे काही वाईट घडलंय. ते घाबरून उठले आणि माठातलं पाणी घेऊन आले.